मधोमध बसवलेले आकडे

सकाळी दुकानाचं शटर वर केलं की आत्या लाइट लावायच्या आधी भिंतीपाशी जायची. भिंतीवर नमुन्याच्या फ्रेमा टांगलेल्या असायच्या. सगळ्या रिकाम्या, आत फक्त भिंतीचा रंग. प्रत्येकीच्या खालच्या कोपऱ्याला ती तर्जनी लावायची आणि केसभर वर किंवा केसभर खाली ढकलायची. एका रात्रीत फ्रेमा वाकड्या कशा होतात, असं मी एकदा विचारलं.

"रस्त्यावरून ट्रक जातात ना," ती म्हणाली. "आपण झोपतो. भिंत कुठे झोपते?"

हीच तर्जनी डॉक्टरांच्या दवाखान्यात चालायची, बँकेच्या मॅनेजरसमोर चालायची, आणि पहिल्यांदाच गेलेल्या घरी पाणी यायच्या आधी चालायची. बाजारात तिला काटकोनबाई म्हणत. तिला ते आवडायचं. लोकांना याहून वाईट नावं पडतात, असं तिचं म्हणणं.

एम.ए.ची दोन वर्षं मी तिच्याकडे राहिले. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकान किल्ल्या करणाऱ्याच्या आणि झेरॉक्सवाल्याच्या मध्ये इतकं अंग चोरून उभं होतं की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाला फूटपाथवर थांबावं लागे. आत लाकडाच्या भुशाचा आणि सरसाचा वास. मागच्या भिंतीला काचा उभ्या, त्यांच्या खाली जुन्या घोंगडीच्या पट्ट्या. संध्याकाळी कॉलेजातून आले की मी त्या काचांमध्ये आधी माझे पाय बघायचे, मग आत्याचा चेहरा.

ती माझ्या बाबांची थोरली बहीण. तरुणपणी एका फोटो स्टुडिओत फोटोंच्या कडा कापायला होती. कापलेल्या फोटोंचं पुढे काय होतं याचं तिला कुतूहल. म्हणून एक दिवस ती फोटोंच्या गठ्ठ्यामागोमाग नदीपलीकडच्या फ्रेमवाल्या काकांकडे गेली आणि ते बघता बघता त्यांच्या हाताखाली कामालाच लागली. करवत धरायला, काच कापायला, कोपरा जुळवायला त्यांनीच शिकवलं. लग्नाचं राहून गेलं. का, असं कुणी विचारलं तर ती अजिबात न चिडता सांगायची, "एक स्थळ आलं होतं, चांगलं होतं. पण बोलता बोलता दाराला टेकून उभं राहिलं. मी म्हटलं, हे आता आयुष्यभर सरळ करत बसावं लागणार."

तिच्याकडे जुन्या फ्रेमा दुरुस्तीला यायच्या, तेव्हा मागचा पुठ्ठा काढताना ती मला हाक मारायची. मागे काय काय निघायचं. दुसऱ्याच कुणाचा फोटो, वर्तमानपत्राची घडी, एकदा तर मुंग्यांचं अख्खं घर. ती सगळं नीट बघायची, दोन-चार प्रश्न हवेत सोडायची, आणि काम झालं की मुंग्या सोडून बाकी सगळं होतं तसं परत ठेवायची. "लोकांनी दिलेलं जसंच्या तसं ठेवायचं," हा तिचा नियम. "आपण फक्त कडेने काम करायचं."

हा नियम लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे तोच आडवा आला.

मी तिच्याकडे राहायला गेले त्याच वर्षी तिचा उजवा खांदा गेला. इतकी वर्षं करवत ओढून ओढून. डॉक्टर म्हणाले, करवत बंद. फ्रेमवाल्याने करवत बंद करायची म्हणजे पट्टी कापायची कशी? कापलेल्या पट्ट्या बाहेरून आणायच्या तर वेळेवर मिळत नाहीत आणि हातात काही उरत नाही. एकच मार्ग होता. पायाने दाबायचं कटिंग मशीन. पाय दाबला की दोन पाती खाली येतात आणि कोपरा एका फटक्यात तिरका कापला जातो, खांद्याला कळतसुद्धा नाही. नवीन मशीन आवाक्याबाहेरचं. पण फ्रेमवाले काका आता थकले होते, धंदा आवरत होते, आणि त्यांचं मशीन विकायचं होतं.

"तुझ्यासाठी वर्षअखेरपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "तोवर मीही कापेन चार पट्ट्या, मलाही कुठे घरी करमतंय."

बाबांचं मत वेगळं होतं. ते दर आठवड्याला फोन करायचे. "ताई, बस झालं आता. बंद कर ते दुकान आणि ये आमच्याकडे. खोली रिकामीच आहे."

शेवटी दोघांचा करार झाला. वर्षअखेरपर्यंत मशीनचे पैसे साठले, तर दुकान चालू. नाही साठले, तर आत्या शटर ओढून बाबांकडे. "आणि आले की तुझ्या घरातल्या सगळ्या फ्रेमा सरळ करीन," ती म्हणाली. "तुझ्या बायकोला आत्ताच सांगून ठेव."

पैसे कुठे जातात आणि किती राहतात, हे बघायला म्हणून ती वाचनालयातल्या कॉम्प्युटरच्या वर्गाला जाऊ लागली. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी शीट उघडून दाखवली, आणि आत्या घरी आली ती वेगळीच होऊन.

"अगं, नुसत्या चौकटी!" ती जिन्यातूनच म्हणाली. "खाली चौकटी, आडव्या चौकटी, संपतच नाहीत. आणि प्रत्येकीत काहीतरी ठेवायची सोय. मला कुणी आधी का नाही सांगितलं?"

सर 'सेल' म्हणायचे, ती 'चौकट'च म्हणत राहिली. बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर, ज्याच्या निम्म्या बटणांवरची अक्षरं पुसली होती, तिने आपला हिशेब मांडायला घेतला. मांडला म्हणजे काय, मढवलाच. बाकीचे लोक शीटमध्ये आकडे भरतात आणि जमलं तर कडा आखतात. आत्याने आधी कडा आखल्या. मागची फिकट जाळी तिने पहिल्यांदा घालवली, "चित्राच्या मागे वही कशाला दिसायला हवी?" म्हणून. मग रंग. तयार रंगांतला एकही तिला पसंत पडेना. फोटोभोवती लावायच्या माउंटच्या कागदांचे नमुने कीबोर्डशेजारी पसरून ती एकेक रंग जुळवत बसायची. भाड्याला विटकरी. काच आणि पट्टीच्या खर्चाला पाटीचा करडा. औषधांना फिकट जांभळा. शेवटी एक अरुंद रकाना होता, सायीच्या रंगाचा, वर लिहिलं होतं 'हौस'. तो बहुतेक रिकामाच असायचा. पण त्याची रुंदी तिने कधी कमी केली नाही.

सगळ्यात वर तिने कितीतरी चौकटी एकत्र करून एक मोठी चौकट केली. दुहेरी कड, आजूबाजूला भरपूर मोकळी जागा. त्यात दोनच गोष्टी. 'मशीन' हा शब्द, आणि खाली आतापर्यंतची एकूण शिल्लक. त्या चौकटीला सरांनी एक अट घालून दिली होती. रक्कम निम्म्याच्या आत असेल तर चौकट विटकरी दिसेल, निम्म्याच्या पुढे गेली की हळदी होईल, आणि मशीनची किंमत गाठली की हिरवी.

या अटीने आत्याला अक्षरशः वेड लावलं.

"म्हणजे मी तिकडे काच कापत असले तरी ही आपली आपण रंग बदलणार?"

"आकडा बदलला तर बदलणार," मी म्हटलं.

"पण बघतं कोण? आकडा किती झाला ते?"

"कुणी नाही गं. शीटच."

"शीटला डोळे आहेत म्हणजे." तिने पडद्यावरची धूळ बोटाने पुसली. "मग नीटच दिसायला हवी तिच्यासमोर."

त्या दिवसापासून तिने ती शीट अधिकच नेटकी केली. सगळं मधोमध. शब्द मधोमध, तारखा मधोमध, आकडे मधोमध. सर तिला म्हणाले होते, "बाई, आकडे उजवीकडे राहू द्या."

"का?"

"तसंच असतं ते."

तसंच असतं, हे आत्याच्या लेखी उत्तरच नव्हतं. खरं कारण सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं. पण वर्गात बाकीचे खोळंबले होते, सरांना पुढे जायचं होतं, आणि आत्याने घरी येऊन प्रत्येक आकडा चौकटीच्या बरोबर मध्ये आणून बसवला.

बचत दोन ठिकाणी होती. मोठ्या ऑर्डरचे पैसे ती बँकेत भरायची. आणि रोजच्या गल्ल्यातलं जे उरेल ते पतपेढीत. पतपेढीच्या एक बाई दुपारी दुकानांवरून फिरायच्या, काखेत कातडी पिशवी, पायात आवाज करणाऱ्या चपला. पैसे घेऊन त्या पावती फाडून द्यायच्या. वर्षाचा हिशेब वर्ष संपल्यावर मिळायचा, तोवर त्या पावत्याच काय त्या. त्यांना आत्याच्या शीटचं भारी कौतुक. "आमच्या ऑफिसात दाखवा हो एकदा," त्या म्हणायच्या. "आमचा साहेब सगळं निळ्या रंगात करतो. बघून थंडी वाजते."

आठवड्याची नोंद आत्या रविवारी दुपारी एकदम करायची. आधी बँकेतली रक्कम, मग पावत्यांची गड्डी. पावतीवर जसं असेल तसं. नियमच तो.

पावसाळा सरला. शीटची वरची चौकट विटकरीची हळदी झाली, त्या रविवारी आत्याने मला खालून हाक मारून बोलावलं आणि आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या बघत बसलो. मग मात्र ती हळदीच राहिली. दिवस लहान झाले. आत्याने चहातली साखर कमी केली, ती तब्येतीसाठी असं मला सांगितलं. 'हौस'च्या रकान्यात तर काही आलंच नाही. तिला हवं होतं एक संग्रहालय बघायला जायचं, गाडीने अर्ध्या दिवसावर असलेलं. तिथली चित्रं मोठी नावाजलेली होती. ते पुढच्या वर्षी, असं म्हणून तिने ती चौकट तशीच ठेवली.

वर्ष संपायला आलं तेव्हा काकांचा फोन आला. "दुसरं गिऱ्हाईक आलंय गं. उद्या सकाळी येतो म्हणतोय बघायला. तुझं काय?"

आत्याने शीट उघडली. हळदी. तिने आकड्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर, मग परत आकड्याकडे. थोडीथोडकी नाही, चांगलीच कमी होती रक्कम.

"नाही जमत, काका," ती म्हणाली. "द्या त्यांना."

फोन ठेवून ती म्हणाली, "तुझ्या बाबाला कळव. येते म्हणावं." मी फोन केला. बाबा इतके दिवस ज्यासाठी मागे लागले होते ते घडलं, तर त्यांचाच आवाज बसला. "ती बरी आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कॉलेज नव्हतं. खाली आले तेव्हा आत्याने भिंतीवरच्या निम्म्या नमुना-फ्रेमा काढून जमिनीवर ठेवल्या होत्या. भिंतीवर त्यांच्या जागी उजळ चौकोन राहिले होते. लॅपटॉप काउंटरवर उघडा.

"ही पण उघडीवाघडी करून ठेवते," ती म्हणाली. "तिकडे गेल्यावर घरखर्चाला कामी येईल. सगळा साज उतरवायचं बटण कुठलं गं?"

मी बटण दाखवलं. तिने ते दाबलं, आणि रंग गेले, कडा गेल्या, दुहेरी चौकट गेली. मशीनचा आकडा बाकीच्या आकड्यांसारखा बारीक, काळा आणि पोरका झाला. मला वाईट वाटलं. पण आत्या पुढे वाकली.

"हे बघ काय झालं."

"काय?"

"हे असे का बसले?" तिची तर्जनी पडद्यावर होती. बँकेचे आकडे सगळे आपापल्या चौकटीत उजव्या कडेला जाऊन टेकले होते. पतपेढीचे सगळे डाव्या. "एका घरातले, आणि दोन भिंतींना टेकून बसलेत. भांडल्यासारखे."

"तसंच असत..." मी म्हणायला लागले. तिने माझ्याकडे बघितलं. मी वाक्य पुरं केलं नाही.

शटर अर्धंच वर होतं. बाहेर किल्ल्यावाल्याची कानस चालू होती. आत्या स्टूल ओढून बसली. जुन्या फ्रेमेचा पुठ्ठा काढताना तिचा चेहरा व्हायचा तसा झाला होता.

"डावीकडे आणखी कोण कोण आहे?"

मी बघितलं. "शब्द आहेत. 'भाडं', 'औषधं', 'काच'... शब्द सगळे डावीकडे."

"आणि उजवीकडे?"

"आकडे."

"मग पतपेढीचे आकडे शब्दांच्या बाजूला काय करतायत?"

आम्ही दोघी त्या रकान्याकडे बघत राहिलो. त्यातला कुठलाही आकडा घ्या, त्याच्यामागे एक तिरकी रेघ आणि एक आडवी रेघ होती. बिलावर, पावतीवर रक्कम लिहिली की पुढे कुणी काही जोडू नये म्हणून मारतात ती. पतपेढीच्या बाई प्रत्येक पावतीवर मारायच्या. आणि आत्याने प्रत्येक पावती जशीच्या तशी उतरवली होती.

"हे काढून बघू का?" तिने मलाच विचारलं, जणू शीट माझी होती.

तिने एका आकड्यामागच्या दोन्ही रेघा पुसल्या. आकडा टुणकन उजव्या कडेला गेला. आणि वर, मशीनच्या खाली, बेरीज हलली.

तिने दुसऱ्या आकड्यामागच्या रेघा पुसल्या. बेरीज परत हलली.

"म्हणजे वर्षभर," ती सावकाश म्हणाली, "ही त्यांना मोजतच नव्हती. शब्द समजत होती. आणि मी त्यांना मधोमध बसवलं, म्हणून मला दिसलं नाही." तिच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता. शोध लागल्याचा आवाज होता तो. "रविवारी बँकेचे आकडे सोबत जायचे, त्यामुळे बेरीज हलायची. मला वाटायचं दोघांनी हलवली."

तिसऱ्या आकड्यानंतर तिने विचारलं, "सगळ्यांच्या एकदम नाही का काढता येत?"

येत होत्या. शोधा आणि बदला. प्रबंधात एका कवीचं नाव सगळीकडे चुकीचं लिहिलं होतं तेव्हा मी शिकले होते. आम्ही त्या दोन रेघा शोधल्या, त्यांच्या जागी काहीच ठेवलं नाही, आणि अख्खा रकाना, एका दमात, डावीकडून उजवीकडे सरकला.

चौकट हिरवी झाली नाही. साज उतरवला तेव्हा रंगाची अटही उतरली होती. पांढऱ्यावर नुसता एक काळा आकडा होता. आत्याने तो वाचला. चष्मा पुसून परत वाचला. मशीनच्या किमतीपेक्षा तो थोडासा जास्त होता.

तिने आधी पतपेढीच्या बाईंना फोन लावला. "अहो, माझे पैसे आहेत ना तुमच्याकडे? वर्षभराचे?"

"आहेत की," पलीकडून आवाज आला, एवढा मोठा की मलाही ऐकू आला. "कुठे जातील? माझ्या पिशवीला काय भोक आहे?"

मग काकांना.

"काका, तो माणूस आला का?"

"आलाय. पायाने दाबून बघतोय कधीचा. दमला बिचारा."

"त्याला नाही म्हणा."

"तू काल मला नाही म्हणालीस!"

"काल माझी बेरीज चुकली होती."

काकांनी विचारलं, "किती चुकली?"

"मशीनची दोन्ही पाती येतील एवढी."

काकांच्या बाजूला लाकडावर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला, बहुधा पेडल. मग काका हलक्या आवाजात म्हणाले, "भाव पाडून मागतोय मेला. चहा पाजून लावतो वाटेला. तू टेम्पो बघ."

आत्याने फोन ठेवला आणि जमिनीवरची एक फ्रेम उचलून भिंतीवर, तिच्या उजळ चौकोनावर, परत टांगली. मग दुसरी. बाबांना फोन मीच केला. ते म्हणाले, "म्हणजे येत नाही ती." आणि थोड्या वेळाने, "बरं झालं. खोलीचा पंखा तसाही बिघडलाय."

मशीन आलं तेव्हा ते दारातून आत जाईना. किल्ल्यावाला, झेरॉक्सवाला, टेम्पोवाला आणि मी असे सगळे लागलो. आत्या उजवा हात पाठीशी धरून सूचना देत होती. पहिली पट्टी तिने त्याच दुपारी कापली. पाय दाबला, पाती खाली आली, आणि फळ चिरल्यासारखा कोवळा आवाज झाला. तिने कापलेलं टोक उजेडात धरलं, उलटंपालटं करून बघितलं. "बघ," ती मला म्हणाली. पण काय बघायचं ते तिने सांगितलं नाही. सांगायला लागलंही नाही.

शीटचा साज तिने परत चढवला. रंग तेच, कडा त्याच. आकडे मात्र जिथे बसायचे तिथे बसू दिले. वर्गात नवीन आलेल्या प्रत्येकाला ती म्हणे स्वतःहून सांगायची, की आकडा डावीकडे दिसला की थांबा, त्याला विचारा तू कोण. सरांनी हे आपल्या शिकवण्यात घेतलं. 'हौस'च्या रकान्यात दुसऱ्या वर्षी एक रक्कम आली. ती संग्रहालयात जाऊन आली. चित्रं कशी होती, असं मी विचारलं.

"चित्रं असतील चांगली," ती म्हणाली. "पण फ्रेमांचे कोपरे बघायचे! कसे जुळवले असतील गं? गार्डने तीनदा हटकलं मला. हात लावला नव्हता, नुसतं बोट जवळ नेलं होतं."

त्या मशीनवर तिने पुष्कळ वर्षं काम केलं. वरची मोठी चौकट कधी रिकामी राहिली नाही. मशीननंतर तिथे दुकानाचं नवीन शटर आलं, मग माझ्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला यायचं-जायचं भाडं. माझं पुस्तक तोवर लिहूनही झालं नव्हतं. रंग मात्र तिने आधीच निवडून ठेवला होता.

शेवटच्या आजारपणात ती हॉस्पिटलात फार दिवस नव्हती. खोलीतल्या भिंतीवर समुद्राचं एक चित्र होतं आणि ते सरळ होतं. मी आधीच जाऊन केलं होतं. बाबा खुर्चीत बसून पेंगत होते. दुपारी एक मुलगी तोवरच्या खर्चाचा छापील कागद देऊन गेली. मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवायला निघाले, तर आत्याने हात पुढे केला. मी चष्मा लावून दिला. तिने कागद लांब धरला, जवळ धरला, तर्जनी वरपासून खालपर्यंत फिरवली. बेरीज बरोबर होती, पुढे मी केव्हातरी करून बघितली. पण तेव्हा तिने कागद माझ्या हातात परत दिला आणि डोळे मिटता मिटता, रोजच्याच आवाजात म्हणाली,

"आकडे मधोमध घेतलेत गं यांनी. एकदा तपासून घे."